लवंगांचे बेट : झांजिबारची मसाल्याची शेती आणि तेथील पाहुणचार

आपल्या घरातील मसाल्याच्या डब्यात लवंग नाही असे घर क्वचितच आढळेल. पुलावात, गरम मसाल्यात, विड्यात आणि दातदुखीवरील घरगुती औषधात लवंग वापरली जाते. परंतु ही लवंग भारतात पुरेशी पिकत नाही. आपल्या गरजेचा मोठा भाग समुद्रापलीकडून येतो. ज्या प्रदेशांतून ती पिढ्यान् पिढ्या येत आली, त्यांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे झांजिबार हे प्रमुख होय. मसाले, शुभ्र वाळूचे किनारे आणि अनेक समाजांच्या मिलाफातून घडलेली संस्कृती यांमुळे आज जगभरचे प्रवासी तेथे जातात. केवळ किनारा पाहून ते परतत नाहीत. शेतकऱ्यांच्या बागांत जाऊन मसाल्याची झाडे पाहतात, पाने चुरगळून वास घेतात, बागेतच जेवतात आणि जाताना मसाला विकत घेतात. कोकणातील बागाईतदारांना आणि त्यांना सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या बेटाची माहिती अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरेल.

स्थान आणि हवामान

झांजिबार हे एकच बेट नसून तो बेटांचा समूह आहे. त्यांत उंगुजा आणि पेंबा ही दोन मोठी बेटे आहेत. व्यवहारात उंगुजालाच झांजिबार म्हणतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेस पाच ते साडेसहा अंशांच्या दरम्यान ही बेटे वसलेली असून मुंबईपासून त्यांचे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर भरते. २०२२ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे १९ लाख होती. बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि त्यांची भाषा स्वाहिली आहे. झांजिबार हा आज टांझानिया या संघराज्याचा स्वायत्त भाग आहे.

ज्या मोसमी वाऱ्यांवर आपला खरीप अवलंबून असतो, त्याच वाऱ्यांशी या बेटाचे भाग्य जोडलेले आहे. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याला तेथे ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलनंतर दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ‘कुसी’ म्हणतात. शिडाची गलबते पहिल्या वाऱ्याबरोबर कच्छ, मुंबई आणि अरबस्तान येथून आफ्रिकेस जात व दुसऱ्या वाऱ्याबरोबर परत येत. कापड, धान्य व धातूची भांडी तिकडे जात आणि हस्तिदंत, लवंग व खोबरे इकडे येई.

पावसाच्या बाबतीत मात्र कोकण आणि झांजिबार यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कोकणात पाऊस पुष्कळ पडतो, परंतु तो चार महिन्यांत संपतो व पुढील आठ महिने जमीन कोरडी राहते. झांजिबारला वर्षातून दोनदा पाऊस मिळतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला ‘मासिका’ म्हणतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पाऊस, त्याला ‘वुली’ म्हणतात. त्यामुळे एकूण पाऊस कोकणापेक्षा कमी असूनही जमिनीतील ओल अधिक काळ टिकते आणि लवंगेसारख्या सदाहरित झाडाला ती मानवते. कोकणात लवंग लावू इच्छिणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. उन्हाळ्यातील पाणी आणि सावली यांची सोय नसेल तर लवंगेचे रोप जगणे कठीण असते.

जमिनीचेही तेथे दोन प्रकार आहेत. उंगुजाच्या पश्चिम व मध्य भागातील जमीन खोल व सुपीक आहे आणि मसाल्याच्या बागा तेथेच आहेत. पूर्वेकडील जमीन पोवळ्याच्या खडकाची, उथळ व खडकाळ आहे. तेथे बागाईत साधत नाही. मात्र प्रवाशांना आवडणारे लांबच लांब शुभ्र किनारे याच बाजूस आहेत. म्हणजे शेतीची संपत्ती एका बाजूस आणि किनाऱ्याची दुसऱ्या बाजूस, अशी निसर्गानेच वाटणी केलेली आहे.

लवंग बेटावर कशी आली

लवंग हे मूळचे झांजिबारचे झाड नव्हे. तिचे मूळस्थान आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटे हे होय. डच व्यापाऱ्यांनी या पिकाची मक्तेदारी पुष्कळ काळ आपल्या हाती ठेवली होती. अठराव्या शतकात फ्रेंचांनी रोपे मिळवून मॉरिशस व रियुनियन बेटांवर नेली आणि तेथून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ती झांजिबारला पोहोचली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने या पिकाचे मोल ओळखले. सुमारे १८४० मध्ये त्याने आपली राजधानी मस्कतहून झांजिबारला हलविली. प्रत्येक माडामागे लवंगेची तीन झाडे लावावीत, असा त्याचा जमीनदारांना हुकूम होता असे इतिहासात नमूद आहे. त्याच शतकाच्या मध्यापर्यंत झांजिबार हे लवंगेच्या व्यापाराचे जगातील प्रमुख केंद्र बनले.

या वैभवाची दुसरी बाजू फार दुःखद आहे. झाडे लावणे, तण काढणे आणि कळ्या खुडणे ही सारी कामे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतली जात. झांजिबार हे गुलामांच्या खरेदी-विक्रीचेही मोठे ठाणे होते. १८७३ मध्ये सुलतान बर्गाश याच्या काळात तेथील गुलामांचा बाजार बंद झाला आणि १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. जुन्या बाजाराच्या जागेवर आज एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे आहे. प्रवासी तेथे थांबून तो इतिहास ऐकतात. लवंगेचा सुगंध कोणाच्या श्रमातून दरवळला, हे तेथील लोकांनी लपवून ठेवलेले नाही.

लवंगेची काढणी

लवंगेचे झाड सर्वसाधारणपणे सहा ते आठ वर्षांनी उत्पन्न देऊ लागते आणि चांगली निगा राखल्यास अनेक दशके फळते. आपण जिला लवंग म्हणतो ती फळ नसून न उमललेली कळी होय. कळ्यांचे घोस हिरव्या रंगावरून गुलाबी छटेवर आले की खुडावे लागतात. एकदा फूल उमलले की मालाची प्रत उतरते. एकाच झाडावरील सर्व घोस एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. उंच झाडांच्या ठिसूळ फांद्यांवर चढून घोस खुडण्याचे हे काम जोखमीचे असून पडून जखमी होण्याचे प्रसंग येतात.

खुडलेले घोस घरी आणून कळ्या व देठ हातांनी वेगळे करतात. या कामात घरातील सर्व माणसे सहभागी होतात. नंतर कळ्या चटयांवर पातळ पसरून उन्हात चार-पाच दिवस वाळवितात. पावसाचे चिन्ह दिसताच चटया गुंडाळून आत घ्याव्या लागतात. आपल्याकडे आमसुले किंवा मिरी वाळविताना जी धावपळ होते तीच तेथेही होते. वाळल्यावर वजन सुमारे एक-तृतीयांश उरते. चांगली वाळलेली लवंग बोटांत धरून वाकविली असता कडकन मोडते. वाकणारी लवंग ओली समजावी, तिला बुरशी येते. देठही वाया जात नाहीत. त्यांपासून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. लवंग तेलातील ‘युजेनॉल’ हे द्रव्य दातांच्या औषधांत व सुगंधी द्रव्यांत वापरले जाते.

लवंगेचे पीक दरवर्षी सारखे येत नाही. एखाद्या वर्षी झाडे घोसांनी लगडतात, तर पुढील एक-दोन वर्षे उत्पन्न फारच कमी मिळते. ज्याचा सारा संसार लवंगेवर चालतो, त्याला या अनियमितपणाची झळ लागल्याशिवाय राहत नाही.

एका पिकावरील भिस्त आणि तिचे परिणाम

झांजिबारच्या इतिहासात एकाच पिकावर विसंबल्याचे परिणाम तीन प्रकारे दिसून येतात.

पहिला प्रकार निसर्गाचा. १८७२ मध्ये झालेल्या भीषण चक्रीवादळात उंगुजावरील लवंगेच्या झाडांचा फार मोठा भाग उन्मळून पडला. पेंबा बेट त्या मानाने बचावले आणि तेव्हापासून लवंगेचे पुढारपण पेंबाकडे गेले. आजही तेथील लवंगेचे बहुतांश पीक पेंबावरूनच येते. कोकणातील शेतकऱ्यांना हा अनुभव परका नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन, दिवेआगर व रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली या भागांत माड, पोफळी व जायफळाच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. फळझाड पडले म्हणजे एका वर्षाचे पीक जात नाही, तर पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न जाते.

दुसरा प्रकार कर्जाचा व व्यापाराचा. लवंगेचे बागाईतदार हळूहळू कर्जबाजारी झाले. पैसा पुरविणारे बहुधा भारतीय सावकार व व्यापारी होते. बागा सावकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून तेथील ब्रिटिश सरकारने १९३४ मध्ये कायदे केले आणि १९३७ मध्ये लवंगेची खरेदी उत्पादकांच्या एका संघाकडे सोपविली. भारतीय व्यापाऱ्यांनी याला विरोध केला. त्या काळी भारत हा झांजिबारच्या लवंगेचा मोठा ग्राहक होता. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने बहिष्काराला पाठिंबा दिला व भारतात झांजिबारची लवंग घेण्याचे लोकांनी थांबविले. १९३८ मध्ये तडजोड झाली. या प्रकरणात व्यापाऱ्यांची बाजू होती तशीच कर्जात बुडालेल्या बागाईतदारांचीही होती. दोन्ही बाजूंच्या भांडणात माल पडून राहिला, हे मात्र निश्चित.

तिसरा प्रकार बाजारभावाचा. १० डिसेंबर १९६३ रोजी झांजिबार स्वतंत्र झाले. १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता संपली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये टांगानिका व झांजिबार यांचे एकीकरण झाले. मोठ्या बागा सरकारने ताब्यात घेतल्या व तीन-तीन एकरांचे तुकडे भूमिहीनांस वाटले. लवंगेची खरेदी सरकारी महामंडळाच्या एकट्याच्या हाती राहिली. पुढील काळात जगाच्या बाजारात भाव चांगला असतानाही त्यातील थोडाच हिस्सा शेतकऱ्यापर्यंत पोहोचत असे. परिणामी जुन्या झाडांच्या जागी नवी झाडे लावण्याचा उत्साह राहिला नाही आणि चोरटा माल शेजारच्या केनियात जाऊ लागला. मोठी झाडे एकाएकी वाळविणाऱ्या रोगानेही बागांचे नुकसान केले. याच सुमारास इंडोनेशियाने स्वतःच्या लागवडी वाढविल्या. तेथे लवंग घातलेल्या सिगारेटी फार खपतात. पूर्वी त्यासाठी तो देश झांजिबारची लवंग घेत असे, परंतु पुढे तोच जगातील सर्वांत मोठा उत्पादक बनला. आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपला प्रतिस्पर्धी झाले की काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दगडी शहर आणि तेथील संस्कृती

उंगुजाच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या नगराला ‘स्टोन टाउन’ म्हणजे दगडी शहर म्हणतात. पोवळ्याच्या दगडांनी बांधलेली घरे, अरुंद गल्ल्या आणि कोरीव लाकडी दरवाजे हे त्याचे वैशिष्ट्य होय. कित्येक दरवाजांवर पितळी खिळ्यांची टोके दिसतात, ती भारतीय कारागिरीची आठवण देतात. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेने या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. १८८३ मध्ये बांधलेला ‘आश्चर्यांचा वाडा’ हा सुलतानाचा प्रासाद त्याच्या दर्शनी भागात आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा काही भाग कोसळला. जुन्या वास्तूंची वेळीच डागडुजी न केल्यास वारसा कसा हातचा जातो, हे त्यावरून दिसून आले.

आफ्रिका, अरबस्तान, इराण आणि भारत यांच्या मिलाफाची खूण भाषेत व अन्नात पदोपदी आढळते. स्वाहिलीत मोटारीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’, रंगाला ‘रांगी’ आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’ म्हणतात. चपाती तर चपातीच राहिली आहे. पुलाव व बिर्याणी सणासुदीला होतात. ‘उरोजो’ नावाच्या आंबट सारात भजी घालून ती रस्त्यावर विकतात. ‘ताराब’ या तेथील गायनप्रकाराचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. सिती बिंती सादी या प्रख्यात गायिकेच्या ध्वनिमुद्रिका १९२८ मध्ये मुंबईत तयार झाल्या. गरीब खेडुताच्या घरी जन्मलेल्या या स्त्रीचा आवाज मुंबईतूनच पूर्व आफ्रिकेच्या घराघरांत पोहोचला. अलीकडे २०२३ मध्ये मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने आपली शाखा झांजिबारमध्ये सुरू केली. हा संबंध आजही कसा चालू आहे, ते यावरून लक्षात येईल.

मसाल्याच्या बागेतील पाहुणे

दगडी शहरापासून थोड्या अंतरावर किझिंबानी व किडिची ही गावे आहेत. तेथील बागांत प्रवाशांना घेऊन जाण्याची प्रथा चांगली रुजली आहे. या भेटीची पद्धत पाहण्यासारखी आहे.

बाग म्हणजे एकाच पिकाच्या सरळ ओळी नव्हेत. माड, फणस, आंबा व केळी यांच्या सावलीत लवंग, दालचिनी, जायफळ, मिरवेल, व्हॅनिला, वेलदोडा, हळद, आले, गवती चहा आणि शेंद्री अशी नाना झाडे असतात. वाटाड्या झाडाचे नाव आधी सांगत नाही. पान चुरगळून पाहुण्याच्या हाती देतो आणि ओळखावयास सांगतो. दालचिनीची साल खरवडून दाखवितो. जायफळाचे फळ फोडले की आत काळसर बीवर लाल जायपत्रीची जाळी दिसते, तेव्हा शहरातून आलेली माणसे थक्क होतात. शेंद्रीच्या बिया बोटांवर चोळून रंग दाखविला जातो. व्हॅनिलाच्या प्रत्येक फुलाला हाताने परागसिंचन करावे लागते, ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली, हेही सांगण्याजोगे आहे. एखादा तरुण गाणे म्हणत माडावर चढून शहाळी काढतो. दुसरा झावळीच्या पात्यांची टोपी विणून पाहुण्याच्या डोक्यावर ठेवतो. शेवटी फळे चाखावयास देतात, मसाल्याचा भात वाढतात आणि पुड्या बांधलेले मसाले विक्रीस मांडतात.

यात शेतकऱ्याला मिळकतीचे चार मार्ग लाभतात : बाग दाखविण्याचे शुल्क, जेवण, मालाची किरकोळ विक्री आणि घरच्या तरुणांना वाटाड्याचे काम. ज्या लवंगेचा भाव बाजार ठरवितो, तीच लवंग लहान पुडीत बांधून पाहुण्याच्या हाती दिली की तिचा भाव शेतकरी स्वतः सांगू शकतो.

तथापि या व्यवसायातील उणिवाही लक्षात घ्याव्यात. प्रवाशाने दिलेल्या पैशांतील मोठा वाटा शहरातील मध्यस्थ व मोटारवाले यांच्याकडे जाऊ शकतो आणि झाडाची निगा राखणाऱ्याच्या हाती थोडेच पडते. पाहुणे वर्षभर सारखे येत नाहीत. मोठ्या पावसाच्या दिवसांत किनारे ओस पडतात. २०२० च्या महामारीत जगभरचा प्रवास थांबला तेव्हा केवळ पाहुण्यांवर अवलंबून असलेल्यांचे हाल झाले. लवंगेवरची भिस्त सोडून पाहुण्यांवर भिस्त ठेवणे म्हणजे एका पिकाऐवजी दुसरे एकच पीक घेण्यासारखे होय.

किनाऱ्यावरील शेती

पूर्व किनाऱ्यावरील पाजे व जांबियानी या गावांतील स्त्रिया समुद्रात शेती करतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे समुद्रशैवालाची व्यापारी लागवड सुरू झाली. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात खुंट्या रोवून त्यांना दोऱ्या बांधतात आणि दोरीवर शैवालाचे लहान तुकडे अडकवितात. सुमारे सहा आठवड्यांत ते वाढले की काढून वाळवितात. त्यापासून मिळणारा चिकट पदार्थ खाद्यपदार्थ व दंतमंजन घट्ट करण्यासाठी जगभर वापरला जातो. या शेतीमुळे प्रथमच अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला.

परंतु येथेही अडचणी आहेत. समुद्राचे पाणी तापू लागल्यापासून अधिक भाव मिळणारी जात उथळ पाण्यात वारंवार मरते. कमी भावाची जात टिकते, पण तिचे उत्पन्न तोकडे पडते. ज्या किनाऱ्यावर खुंट्या रोवल्या जातात तोच किनारा हॉटेलांनाही हवा असतो. काही स्त्रियांनी शैवालापासून साबण तयार करून तो प्रवाशांना विकण्यास प्रारंभ केला आहे. कच्चा माल विकण्याऐवजी पक्का माल विकावा, हाच विचार त्यामागे आहे.

कोकणातील बागाईतदारांनी यातून काय घ्यावे

कोकणात मसाल्याची पिके नवीन नाहीत. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या जाती प्रसारित केल्या आहेत. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची पिके घेण्याची पद्धत शेतकऱ्यांपुढे ठेवली असून ती ‘लाखी बाग’ या नावाने ओळखली जाते. चार माडांच्या चौफुलीवर जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी आणि माडाच्या खोडावर मिरवेल, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. झांजिबारच्या बागेतही माडांच्या सावलीतच मसाला पिकतो. त्यामुळे पुढील गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत.

(१) एकाच पिकावर विसंबू नये. माड, पोफळ, मिरी, जायफळ, दालचिनी व केळी ही निरनिराळ्या वेळी उत्पन्न देतात. एकाचा भाव पडला किंवा एक झाड वादळात गेले तरी बाकीची बाग उभी राहते.

(२) लवंगेपेक्षा जायफळ, दालचिनी व मिरी यांना प्रथम पसंती द्यावी. लवंग लावावयाचीच असेल तर थोडी रोपे, दाट सावली आणि उन्हाळ्यात नियमित पाणी यांची तयारी असेल तेथेच लावावी.

(३) जायफळाची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून वाढविलेल्या रोपाचे लिंग फुले आल्यावरच, म्हणजे काही वर्षांनी कळते. यास्तव मादी झाडाची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. परागसिंचनासाठी बागेत थोडी नर झाडे असावीत.

(४) बागेला पाहुणे यावेत असे वाटत असेल तर वाटा स्वच्छ ठेवाव्यात, झाडांवर मराठी नावाच्या पाट्या लावाव्यात आणि स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी यांची सोय आधी करावी. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषि पर्यटन धोरण स्वीकारले आहे. नोंदणीची माहिती पर्यटन संचालनालयाकडून घ्यावी.

(५) पाहुण्यांचे उत्पन्न हे पूरक समजावे. त्याच्या भरवशावर बाग मोडून खोल्या बांधू नयेत. बागच राहिली नाही तर पाहुणा पाहावयास कशाला येईल ?

(६) दहा-बारा बागाईतदारांनी एकत्र येऊन मसाला वाळविणे, प्रतवारी करणे व पुड्या बांधणे ही कामे केल्यास मध्यस्थांचा वाटा कमी होतो. ओला किंवा भेसळीचा माल पाहुण्याला एकदा दिला तर साऱ्या गावाचे नाव जाते, याची जाणीव प्रत्येकाने ठेवावी.

प्रवास करणाऱ्यांसाठी सूचना

झांजिबारला जाण्याचा योग आल्यास पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टांझानियातील दारेसलाम बंदरातून आगबोटीने सुमारे दोन तासांत उंगुजा गाठता येते. विमानानेही जाता येते. प्रवेशाचा परवाना, विमा व लसीकरण यांचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. किनाऱ्यावरील पोशाख गावात चालत नाही. गावात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. रमजानच्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळावे. कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र फार दूर जातो. अशा वेळी उघड्या पडलेल्या पोवळ्यांवर व शैवालाच्या दोऱ्यांवर पाय देऊ नये, त्या कोणाच्या तरी पोटाच्या दोऱ्या असतात.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. तेथील एखादे चांगले रोप, कलम किंवा बी पिशवीत घालून आणण्याचा मोह शेतकऱ्याला होणे स्वाभाविक आहे. असे कदापि करू नये. परक्या मातीतून व रोपांतून रोग-किडी येतात आणि त्या एकदा शिरल्या की साऱ्या जिल्ह्याच्या बागा धोक्यात येतात. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय लागवडीचे साहित्य भारतात आणण्यास बंदी आहे. आणावयाचे ते ज्ञान आणावे, रोप आपल्या कृषि विद्यापीठातून घ्यावे.

सारांश

लवंगेने झांजिबारला वैभव दिले, त्याच लवंगेवर सारा भार टाकल्यामुळे त्याला दीर्घकाळ हालअपेष्टाही सोसाव्या लागल्या. आज तेथील शेतकरी मसाला, फळे, समुद्रशैवाल व पाहुणचार यांची सांगड घालून उभा राहण्याचा प्रयत्न करीत आहे. कोकणच्या बागाईतदाराकडे माडाची सावली आहे, मसाल्याच्या सुधारित जाती आहेत, मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक जवळ आहे आणि सल्ला देणारी संस्थाही हाकेच्या अंतरावर आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील नारळाच्या बागांची पाहणी करावी, पाणी व सावली कोठे आहे त्याची नोंद घ्यावी आणि इच्छुक शेतकऱ्यांची नावे कलमांच्या मागणीसह नजीकच्या रोपवाटिकेकडे वेळेवर कळवावीत. मागणी उशिरा गेली तर कलमे मिळत नाहीत आणि बागेचे एक वर्ष वाया जाते.